राजव्वाच्या दारातली वधू

"आठ दिवस गाडीवर नेऊन पाहतो तिले. जमलं तं जमलं, नाई तं घरी पापड लाटाले हायेच."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसून आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, अगदी हळू आवाजात सांगत होते. पण मामाजींचा हळू आवाज काय असतो हे तुम्हाला ठाऊक नाही. तीस वर्षं डिझेल इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस! त्यांनी कानात सांगितलेलं गल्लीच्या टोकावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जातं. मी तर भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते.

"पन ती बोलत नाई ना काही," आत्याबाई म्हणाल्या. "लोकाच्या दारात उभी राहून काय करन?"

"बोलाचं काम काय हाये तिथं? खोकं द्याचं, फोटो काढाचा, वापस याचं."

झालं! माझी जी काही शोभा झाली ना, ती ह्या वाक्यापासून सुरू झाली. खरं तर ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही. पण मी नाही सांगितली तर मामाजी सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा दर वेळी त्यात एक खोकं वाढतं. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

माझं माहेर पुसदचं. लग्न होऊन मी आदिलाबादला आले, आणि ज्यांच्याशी लग्न झालं ते मंचेरियलला, कोळशाच्या खाणीच्या कचेरीत. क्वार्टर मिळेपर्यंत हे तिकडे, मी इकडे, आणि भेट रविवारी. उरलेले सहा दिवस मी आणि आत्याबाई. आत्याबाई स्वभावानं फार चांगल्या. पण त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याची जागा पंचवीस वर्षांपूर्वीच ठरलेली. मी हळदीचा डबा ठेवला की दोन मिनिटांनी त्या येणार आणि तो दोन बोटं डावीकडे सरकवणार. काही बोलणार नाहीत. मीही बोलणार नाही. असा आमचा दिवस जायचा.

मामाजी एका पार्सल कंपनीची खोकी आपल्या छोट्या टेंपोतून वाटतात. आदिलाबादहून निघायचं, नार्नूरच्या रस्त्याला लागायचं आणि वाटेतल्या गावागावांत घरपोच करत जायचं. त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून खोकी उचलून दारापर्यंत न्यायला त्यांच्याबरोबर एक मदतनीस असायचा. तो कापूस वेचायच्या दिवसांत रजा टाकून आपल्या शेतावर गेला. आणि माझं नशीब उघडलं.

आठ दिवस! तुम्ही म्हणाल, खोकी उचलण्यात कसलं आलंय नशीब? अहो, तुम्ही रोज हळदीचा डबा सरकताना पाहिला असता तर तुम्हीही टेंपोत चढला असता. मला ती खिडकीजवळची जागा हवी होती. आठ दिवसांपुरती नाही, कायमची.

सकाळी दोघांचा डबा भरला आणि गाडीत जाऊन बसले.

मामाजींनी मला कंपनीचं जाकीट दिलं, टोपी दिली. साडीवर जाकीट, डोक्यावर पदर, पदरावर टोपी आणि जाकिटाच्या बाह्यांतून खाली किणकिणणारा लग्नाचा हिरवा चुडा! थंडी अशी की हेडलाइटच्या उजेडातसुद्धा धुकं थिजल्यासारखं दिसायचं. मामाजींनी काम समजावलं ते स्टिअरिंगला. सुनेकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दारात जाचं. नाव इचाराचं. खोकं द्याचं. ज्याचं खोकं, त्याचा खोक्यासंगं फोटो काढाचा. तो फोटो मागवनाऱ्याच्या मोबाईलवर आपोआप जाते. बस!"

मी मान हलवली. एक गोष्ट मात्र त्यांनी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. पुसदला कधी गरजच पडली नव्हती. आणि इथे आल्यावर शिकायचं म्हणजे कुणाला तरी विचारायला हवं, विचारायचं म्हणजे बोलायला हवं. तिथेच सगळं अडायचं.

पहिल्याच दिवशी नार्नूरच्या अलीकडच्या एका गावात राजव्वाचं घर लागलं. गल्ली इतकी अरुंद की टेंपो आत जाईना. मामाजींनी गाडी कडुलिंबाखाली लावली आणि पुढच्या गिऱ्हाइकांना फोन लावत बसले. मी खोकं घेऊन एकटीच निघाले.

राजव्वा म्हणजे सत्तरीची उंच, काटक बाई. ती नुकतीच शेतातून आली असावी, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. मी दारात उभी राहिले आणि माझं त्या दिवसाचं ठरलेलं भाषण केलं.

"राजव्वा?"

तिनं खोक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. उजव्या हाताचा पंजा वर केला आणि म्हणाली, "वद्दू!"

माझ्या अंगावर शहारा आला हो! लग्नाला बावीस दिवस झालेले, मेंदी उडत चाललेली, त्यात वर ते जाकीट आणि टोपी; आणि ह्या अनोळखी बाईनं मला एका नजरेत ओळखलं! वधू! आणि काय तो शुद्ध शब्द! आमच्याकडे साधं 'नवरी' म्हणतात. 'वधू' असते ती पत्रिकेत नाहीतर भटजींच्या तोंडी.

आता तुम्ही विचाराल, 'वधू' आणि 'वद्दू' ह्यांतला फरक तुला कळला नाही का? कळला ना! पण मी ज्या घरात दिलेली, तिथे 'आम्ही'चं 'आमी' होतं, 'आधी'चं 'आदी' होतं. इकडे 'ह' कुणाला फारसा परवडतच नाही. 'वधू'चं 'वद्दू' व्हायला कितीसा वेळ लागणार?

"वद्दू बिड्डा, वद्दू!" ती पुन्हा म्हणाली. पंजा अजून वरच.

बिड्डा म्हणजे बेटा, हे मी अंदाजानं ताडलं. (आणि ते बरोबर निघालं. आठ दिवसांत माझं तेवढंच एक बरोबर निघालं.)

म्हणजे बघा, एक वडीलधारी बाई तुम्हाला 'वधू बेटा' म्हणते आणि आशीर्वादाला हात वर करून उभी राहते. चांगल्या घरची मुलगी काय करील? मी खोकं तिच्या पायाशी ठेवलं, नियमाप्रमाणे फोटो काढला, मोबाईल जाकिटात घातला आणि वाकून तिच्या दोन्ही पायांना हात लावला.

तिचा पंजा हवेत तसाच. मग तो सावकाश, अगदी वाट चुकल्यासारखा, खाली आला आणि माझ्या टोपीवर टेकला.

"सल्लगुंडू बिड्डा," ती पुटपुटली.

हे 'गुंडू' मला जरा खटकलं. पण आशीर्वादात शब्द मोजू नयेत. मग ती आत गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, मला कुंकू लावलं, ब्लाउजपीस आणि दोन पेरू दिले. खोकं तिनंच ओढत आत नेलं. जाताना ते एकदा पायानं ढकललंही, पण मी म्हटलं, वजन जास्त असेल.

टेंपोशी परत आले तर मामाजींनी आधी माझे रिकामे हात पाहिले, मग ब्लाउजपीस पाहिला.

"देलं?"

मी मान हलवली.

"घेतलं तिनं? राजव्वानं?"

मी पुन्हा मान हलवली.

"लेका!" मामाजी थेट इंजिनालाच म्हणाले. "हैदराबादहून पोरगं खोकं धाडते आन् ही बाई दारातून वापस करते. आतालोक एक घेतलं नाई. आन् आज घेतलं!" मग बराच वेळ गाडी चालवून झाल्यावर म्हणाले, "पोरगी कामाची दिसते."

हेही स्टिअरिंगलाच सांगितलं. पण मी ऐकलं ना! पहिला दिवस आणि ही शाबासकी! खिडकीतून बाहेर बघत मी मनात म्हटलं, राहिले सात.

तिकडे हैदराबादला काय झालं ते मला नंतर कळलं. राजव्वाचा मुलगा सीनू तिथे नोकरीला. आईला सुखात ठेवायची त्याला भारी हौस आणि आईला त्याच्या वस्तूंचा भारी कंटाळा. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या मोबाईलवर फोटो गेला: आई दारात उभी, पायाशी खोकं, हात आशीर्वादासारखा वर! त्याचे डोळेच भरून आले म्हणे. आईला शेवटी आवडलं! त्यानं लगेच दुसरी वस्तू मागवली.

आणि इकडे मला जिथे तिथे ते ऐकू यायला लागलं. एकदा कानात बसलेला शब्द सगळीकडे भेटतो ना, तसं! इंद्रवेल्लीला गाडी थांबली होती. बोरं विकणारी बाई एका बसच्या खिडकीत टोपली धरत होती. आतल्या माणसानं माझ्या दिशेनं पाहिलं आणि स्पष्ट म्हणाला, "वद्दू." मी पदर सावरला. एका घरी लहान मूल माझ्या हातातल्या खोक्याला झोंबायला लागलं, तर त्याची आई ओरडली, "वद्दू!" मी त्या मुलाला, तीन वर्षांच्या, वाकून नमस्कार केला. वाटलं, नव्या नवरीची ओळख करून देताहेत!

म्हणजे सगळ्या तालुक्याला माझं लग्न झाल्याची खबर होती. आणि मी उगाच समजत होते की इथे मला कोणी ओळखत नाही!

त्या दिवशी दुपारी मी आईला फोन केला. "आई, इकडे नव्या सुनेला फार मान देतात गं. दारोदार 'वधू, वधू' करतात."

आई हरखून गेली. तिनं ते मावशीला सांगितलं. मावशीनं तिच्या भजनी मंडळात सांगितलं. माझ्या धाकट्या चुलत बहिणीसाठी आदिलाबादकडचं स्थळ बघायचं, असं पुसदला परस्पर ठरूनही गेलं.

तिसऱ्या दिवशी राजव्वाचं दुसरं खोकं. आपोआप झाडणारं गोल यंत्र! बटण दाबलं की घरभर फिरून केर काढतं म्हणे. राजव्वाचं अंगण शेणानं सारवलेलं, त्यावर पाच कोंबड्या. पण मला काय करायचंय? मी दारात गेले. ह्या वेळी वद्दू तब्बल पाच वेळा झालं. त्यात एक लांबलचक सूरही होता, "वद्दंटे वद्दू! वद्दंटे वद्दू!" मंगलाष्टकं संपता संपता सगळे मिळून सूर धरतात ना, अगदी तसा. हात वर. फोटो. नमस्कार. कुंकू. हिरवा ब्लाउजपीस.

पाचव्या दिवशी तिसरं खोकं, पाय दाबायचं यंत्र. मला येताना पाहून राजव्वानं दार लावून घेतलं.

मी थांबले. लाजणं मला समजतं. मी स्वतः लाजरी आहे. पाच मिनिटांनी खिडकीचं फळकूट जरासं उघडलं, एक डोळा दिसला, फळकूट मिटलं. पुन्हा उघडलं. मी हसून पदर सावरला. शेवटी तिनं दार उघडलं, कपाळाला हात लावला, मग मोठा श्वास घेऊन पंजा वर केला. आवाज जरा थकलेला वाटला, पण म्हणाली तेच. मी वाकले. ती आतून करंडा घेऊनच आली होती.

"तीन डाव?" मामाजींनी टेंपोत विचारलं. त्यांनी चक्क माझ्याकडे बघून विचारलं! "आन् दर डावी ओटी? अवं, तू तिच्यावर काय जादू केली?"

मी खाली मान घालून हसले. जादू कसली! माणसं जोडता यावी लागतात.

घरी आत्याबाईंनी तीन रंगांचे ब्लाउजपीस एका ओळीत मांडून पाहिले. त्या रात्री हळदीचा डबा मी ठेवला तिथेच राहिला! मला वाटलं, आता जागा पक्की झाली. टेंपोतलीही.

आणि मग आठवा दिवस उगवला.

त्या दिवशी राजव्वाच्या नावाचं जे खोकं आलं, ते मला एकटीला हलेना. खाटेएवढं लांब. वर चित्र होतं. एक बाई एका जागी पट्ट्यावर चालते आहे, हसते आहे, पण कुठेच पोचत नाही. घरातल्या घरात चालायचं यंत्र! राजव्वा रोज शेतात चालत जाते आणि चालत येते, त्यात दोन ओढे लागतात. तिला हे यंत्र!

"चाल, मी धरतो एका बाजूनं," मामाजी म्हणाले. दुखऱ्या गुडघ्यासकट ते खाली उतरले आणि त्या गल्लीत माझ्याबरोबर पहिल्यांदाच आले. पुढे मी, मागे ते, मध्ये खोकं.

राजव्वा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिनं खोकं पाहिलं. सूप तिच्या हातातून पडलं. आणि तिनं दोन्ही हात वर केले, दोन्ही!

"वद्दू! वद्दू! वद्दंटे वद्दू! तीस्कपो बिड्डा, तीस्कपो!"

दोन्ही हातांनी आशीर्वाद! मला भरून आलं. मी माझी बाजू खाली ठेवली, पटकन फोटो काढला, पुढे झाले आणि अंगणातच तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवं पोरी!" मागून मामाजींचा आवाज आला, आणि तो अजिबात हळू नव्हता. "हे काय करून राह्यली तू? खोकं! माह्या पायावर हाये ना खोकं!"

मी धावत जाऊन खोकं उचललं. मामाजी एका पायावर उभे राहून कधी माझ्याकडे, कधी राजव्वाकडे बघत होते. मग त्यांनी तिला तेलुगूत काहीतरी विचारलं, आणि राजव्वाचा बांध फुटला. आठ दिवसांचं साठलेलं सगळं! ती बोलत होती, माझ्याकडे बोट करत होती, वाकून दाखवत होती, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवत होती. मग तिनं मामाजींचा हात धरून त्यांना आत नेलं. मागून मी.

आतलं दृश्य काय सांगू! भाजी चिरायचं यंत्र, ते पहिल्या दिवशीचं, फळीवर. त्यात सुईदोरा ठेवलेला. पाय दाबायच्या यंत्राच्या दोन खाचांत मिरचीची दोन रोपं. आणि ते आपोआप झाडणारं गोल यंत्र कोपऱ्यात, त्यावर गवत, गवतावर एक लाल कोंबडी फुगून बसलेली. ती माझ्याकडे अशा काही नजरेनं बघत होती की तिलासुद्धा सगळं माहीत असावं.

मामाजी बाहेर आले. चालायच्या यंत्राच्या खोक्यावर बसले.

"पोरी, ही बाई पयल्या दिवसापासून तुले 'वद्दू' म्हनून राह्यली. खरं का?"

मी मान हलवली.

"तुले समजलं ते?"

मी अभिमानानं मान हलवली.

"काय समजलं?"

आता मान हलवून भागणार नव्हतं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुटपुटले, "वधू."

"काय?"

"वधू. म्हणजे… नवी नवरी."

मामाजींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं एक उघडला. "वद्दू म्हंजे नको, पोरी. तेलगूत वद्दू म्हंजे नको! वद्दंटे वद्दू, म्हंजे नको म्हटलं ना, नको! तीस्कपो म्हंजे घेऊन जाय वापस! आशीर्वाद नोता तो. थांब म्हनून हात दाखवत होती ती तुले!"

धरणी दुभंगून पोटात घे, असं म्हणतात ना? माझ्यासाठी एवढी मोठी सोय नको होती. त्या लाल कोंबडीखाली जागा झाली असती तरी चाललं असतं.

बसमधला माणूस! त्याला बोरं नको होती! तीन वर्षांचं ते मूल! पुसदचं भजनी मंडळ!

मामाजींनी हे सगळं राजव्वाला तेलुगूत सांगितलं. आधी तिला समजेना. मग समजलं. तिनं तोंडाला पदर लावला, मग भिंतीला हात लावला, मग खालीच बसली. "वदू!" ती म्हणायची आणि हसायची. हसता हसता मामाजींना काहीतरी सांगायची.

"ती म्हनते," मामाजी सांगू लागले, "हिरव्या चुड्याची नवी सून दारात वस्तू घेऊन येते, पाया पडते. तिले रिकाम्या हातानं वापस कशी धाडू? लक्षुमीले दारातून परत केल्यासारखं होते. म्हनून घेत गेली बिचारी. म्हनते, दर डावी वाटे आज तरी पाया नाई पडनार, आन् दर डावी तू वाकतच!"

राजव्वानं चूल पेटवली आणि चहा ठेवला. मामाजींनी सीनूला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा, आणि त्यालाही सगळं सांगितलं. मग तो पडेल आवाजात काहीतरी म्हणाला.

"तो म्हनते," मामाजी म्हणाले, "फोटोत आईचा हात पाहून मलेही आशीर्वादच वाटला."

घ्या! म्हणजे जन्मापासून तेलुगू बोलणारा माणूससुद्धा फसला. फोटोला आवाज नसतो ना. मला एवढं हलकं वाटलं! तेवढ्यात मायलेकाचं फोनवर जुंपलं. तो समजावतोय, ती ओरडतेय; तो म्हणत असणार हे तरी ठेव, ती म्हणत असणार ते तरी ने. त्या गलक्यात राजव्वा माझ्या पेल्यात चहा ओतत होती आणि मामाजी माझ्याकडे वळले.

"सूनबाई," ते म्हणाले. हा आवाज खरोखर हळू होता, म्हणून मला भीती वाटली. "आज आठवा दिवस. तुह्या आत्याबाईले मी म्हटलं होतं, आठ दिवस पाहतो. आता तूच सांग. हे गाडीवरचं तुहं काम बंद करू, का…"

माझ्या डोळ्यांसमोर पापड आले. एकावर एक, छतापर्यंत. धुकं, कापसाची पांढरी शेतं, खिडकीजवळची जागा, सगळं हातातून निसटताना दिसलं. आणि आयुष्यात कधी नव्हे तो माझा आवाज फुटला.

"चालू!" मी ओरडले.

राजव्वानं चहा ओतायचं एकदम थांबवलं. पेला अर्धाच भरलेला.

"चालू! चालू!" मी आणखी जोरात म्हटलं. कोणाला शंका राहायला नको!

राजव्वानं किटली खाली ठेवली. माझ्याकडे पाहून तिचे डोळे पाणावले. मग ती मामाजींवर अशी काही तुटून पडली की मामाजी खोक्यावरून उठून उभेच राहिले. त्याच वेळी फोनमधून सीनूचा घाबरलेला आवाज आला, "सरे अम्मा, सरे! इंक एमी पंपनू!"

मला त्यातला फक्त पंप कळला. चालायचं यंत्र झालं, आता हा विहिरीवरचा पंप पाठवतोय! मी हात जोडून फोनकडे बघत पुन्हा म्हटलं, "नाही हो! चालू, माझं काम चालू!"

"थांब व माय, थांब!" मामाजी ओरडले. ते हसत होते, खोकत होते, दुखरा पाय चोळत होते, सगळं एकदम. "तेलगूत चालू म्हंजे पुरे! बास! तू 'पुरे, पुरे' म्हनून बोंबलून राह्यली! राजव्वा मले शिव्या देते, का एवढीशी पोर पुरे पुरे करते, तिच्याकून ओझे काऊन उचलवता, तिले घरी बसू द्या!"

"आणि… पंप?" मी विचारलं.

"पंप कायचा! 'पंपनू' म्हंजे धाडनार नाई! त्याले वाटलं मायच म्हनते पुरे. आता काहीच धाडत नाई म्हने!"

फोन बंद झाला होता. मामाजींनी ते राजव्वाला सांगितलं, तेव्हा तिनं किटली उचलली आणि माझा पेला काठोकाठ भरला. इतके दिवस तिला स्वतः ओरडून जे जमलं नव्हतं, ते मी एका चुकीच्या शब्दात करून टाकलं होतं. चालायचं यंत्र परत जायचं ठरलं. गोल यंत्रही जायचं होतं, पण अंडी फुटेपर्यंत ते हलवता येणार नव्हतं. राजव्वानं तेवढी मुदत मागून घेतली.

मामाजींनी चहा संपवला, डोळे पुसले आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "आता तेलगू नको, इशारे नको. आपल्या मराठीत सांग. उद्या येतं का नाई?"

राजव्वाही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला होता. लग्न होऊन आल्यापासून मी मामाजींसमोर एक आख्खं वाक्य कधी बोलले नव्हते. ते त्या दिवशी बोलले, दोघांकडे बघून, गल्लीच्या तोंडाशी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं:

"येते मामाजी, रोज येते. फक्त मले बोलाले लावू नका!"